हवापाण्याची ओळ

कारासावा, १२ ऑगस्ट

प्रिय मिने,

देवळामागच्या झाडांतले किडे पहाटे पाचलाच किरकिरायला लागतात आणि दुपारपर्यंत डोकं उठवतात. आता ऊन कलतंय. दारापुढे सडा घालून आत्ताच आत आले, दोन बादल्या. चढणीच्या काळ्या दगडांतून वाफ उठली, तापल्या मातीचा वास आला आणि वाऱ्याची एक झुळूक पार स्वयंपाकघरापर्यंत आली.

झालं हवापाणी. बूट काढल्याशिवाय घरात शिरत नाहीत, तसं हवापाणी लिहिल्याशिवाय पत्रात शिरू नये, असं सिस्टर अगाथा म्हणायच्या. कॅनडाहून आलेल्या त्या बाईंनी आपल्याला आपल्याच देशाची रीत शिकवली. अजून पत्र लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते.

तुझ्या लेकाचं, ताकुमाचं, आळीच्या चढणीवरचं काम मे महिन्यात पुरं झालं. त्याने मला समजावलं ते असं: दगडांखाली नळ्या आहेत. उन्हाने दगड तापले की नळ्यांतलं पाणी ती ऊब खोल विहिरींत नेऊन ठेवतं. हिवाळ्यात तीच ऊब वर येते आणि बर्फ पडला तसा वितळतो. पंपसुद्धा शाळेच्या छपरावरच्या उन्हाच्या पाट्यांच्या विजेवर चालतो. "मावशी, आजचं ऊन काका जानेवारीत पायाखाली घेतील," म्हणाला. त्यावर हे म्हणाले, "म्हणजे लोणचं की! उन्हाळ्यात घालायचं, हिवाळ्यात काढायचं."

हसण्यावारी नेतात, पण मला ठाऊक आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार ह्यांना रक्त शुद्ध करून घ्यायला खालच्या दवाखान्यात जावंच लागतं. चढण इतकी अरुंद आणि उभी, की गाडी वर येत नाही. गेल्या हिवाळ्यात तेवढं उतरायला आम्हाला पाऊण तास लागला होता. एक खेप चुकली तर पाय सुजतात. दोन चुकल्या तर काय, ते डॉक्टर सांगत नाहीत, चष्मा पुसत बसतात.

आळीचे प्रमुख हातानाका अजून कुरकुरतात. त्यांचं फावड्यांचं दुकान, तेव्हा कुरकुरणारच. "उन्हाने बर्फ वितळतो हे मलाही ठाऊक आहे हो, पण एप्रिलमध्ये!" या कामासाठी घरोघर जाऊन सह्या मी घेतल्या होत्या, म्हणून टोमणे मलाच.

बाकी आळी छान आहे. कोपऱ्यावरच्या घरात नवी सून आली आहे, शहरातली. दारात सडा घालायची नाही. मी गोड शब्दांत कानावर घातलं. आता एकतीसच्या एकतीस दारं ओली असतात, सकाळी, चारला आणि दिवेलागणीला.

तुझी,
तोवा


हामाउरा, ४ सप्टेंबर

प्रिय तोवा,

वादळ परवा येऊन गेलं. अंगणातली लिंबं हिरवी असतानाच गळून पडली. समुद्र अजून गढूळ आहे, आणि सगळ्या घराला खारट वास येतो.

ताकुमा मला महिन्यातून एकदा फोन करतो आणि "ठीक आहे" म्हणतो. जेवलास का, ठीक आहे. काम कसं चाललंय, ठीक आहे. याच्यापेक्षा आमचं मांजर जास्त बोलतं.

तो तुमच्याच चढणीवर का गेला, ते तुला सांगायला नको. सात वर्षांचा होता. नव्या वर्षासाठी आजोळी आला होता आणि आजीचा हात धरून उतरत होता. माझी आई घसरली ती त्याच्या हातातून. कमरेचं हाड मोडलं, पुन्हा उठली नाही. मी इकडे होते. तुझं पत्र आलं, त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, "हवापाणी वगळते." अगदी निकडीचंच असेल तेव्हा असं लिहायचं, हे दोघींनी एकाच बाकावर बसून शिकलेलं. पुढचं वाचायच्या आधीच मी जमिनीवर बसले होते.

म्हणून एक मागणं. तू मायेपोटी खोटं बोलतेस, शाळेपासूनची खोड आहे तुझी. मी भिंतीवरून उडी मारून जत्रेला गेले, तेव्हा सिस्टरना "तिच्या पोटात दुखतंय" म्हणालीस आणि इतकं रंगवून सांगितलंस, की त्या पेज घेऊन आल्या. माझ्या मुलाच्या बाबतीत तसं करू नकोस. चढण चालली तर चालली म्हण, नाही तर नाही म्हण.

भावोजींना नमस्कार.

मिने


कारासावा, १९ डिसेंबर

प्रिय मिने,

तीन दिवस बर्फ पडतोय. छपरं जाड झाली आहेत, मुळ्याच्या वाळवणाला बर्फाची शेंडी आली आहे, आणि सगळ्या गावाचा आवाज कुणी उशीखाली दाबल्यासारखा बंद झाला आहे.

आणि चढण काळी आहे! मिने, काळी, ओली, वाफाळती. पहिल्या दिवशी सगळी आळी दारात उभी राहून नुसती बघत होती. नाकाई आजींनी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी मोजे काढून पाय ठेवला आणि ओरडल्या, "अगं बाई, कोमट!" हे आज काठी घेऊन एकटेच गेले. उभा जन्म शाळेत गाणं शिकवलं, त्यामुळे चालतानाही ताल सुटत नाही. एक-दोन-तीन-चार करत वळणापर्यंत गेले, मागे वळले आणि मला वाकून नमस्कार केला, कार्यक्रम संपल्यावर करतात तसा.

हातानाका फावड्यांना तेल लावत म्हणाले, "डिसेंबर आहे, मास्तरीणबाई. अजून नवं वर्षसुद्धा उजाडलं नाही."

ताकुमा रोज सकाळी लोखंडी झाकण उघडून विहिरीतल्या पाण्याची ऊब मोजतो. काल आमच्याकडे जेवला, पण थोडंच. आकडा कागदावरल्यापेक्षा जरा लवकर उतरतोय म्हणाला. "जरा म्हणजे?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ठीक आहे, मावशी."

तोवा


कारासावा, २२ जानेवारी

प्रिय मिने,

थंडीचा कडाका वाढला असून या दिवसांत आपण सर्व जण कुशल असाल अशी आशा आहे.

आम्ही मजेत आहोत. बर्फ भरपूर. ताकुमा कामात आहे, म्हणून फोन झाला नसेल. ह्यांची तब्येत आहे तशी आहे. तू पाठवलेली लिंबं पोचली. उकडलेल्या मुळ्यावर किसून घातली, फार छान लागली.

काळजी नसावी.

तोवा


हामाउरा, २८ जानेवारी

तोवा,

आमच्या मागच्या टेकडीवर आलुबुखाराच्या झाडाला पहिली पाच फुलं आली आहेत. मी ती रोज मोजते, कारण दुसरं काही करता येत नाही.

तुझी हवापाण्याची ओळ वाचली. ती पुस्तकातली आहे. स्टेशनवर मिळणाऱ्या पत्रलेखनाच्या पुस्तकात जानेवारीच्या पानावर पहिलीच. पन्नास वर्षांत तू मला अशी ओळ लिहिली नाहीस. तू गोगलगायी लिहितेस, मुळ्याचं वाळवण लिहितेस. दारातून बाहेर बघवत नाही, असं काय घडलंय तुझ्या दारात?

ताकुमाचा फोन सहा दिवस बंद आहे. बातम्यांत तुमच्याकडचा बर्फ दाखवतात. घरांच्या नुसत्या खिडक्या दिसतात.

मी म्हातारी झाले आहे, पण पेज घेऊन येणारी सिस्टर नव्हे. खरं लिही.

मिने


कारासावा, २ फेब्रुवारी

मिने,

हवापाणी वगळते.

ताकुमा धडधाकट आहे, हे आधी वाच.

सोळा जानेवारीला विहिरीतून पुरेशी ऊब यायची थांबली. थोडीशीच यायची, आणि तेच वाईट. वरच्या अंगाला बर्फ वितळायचा आणि ते पाणी खाली येता येता गोठायचं. शेजारच्या साध्या रस्त्यावर बर्फ आहे, त्यात निदान पाय रुततो. आमच्या चढणीवर काच झाली.

अठराला बुधवार होता. मी म्हटलं, आज नको. हे म्हणाले, "मग काय रक्त घरी गाळू? चहाची गाळणी दे." चौथ्या दारापाशी पडले. हात टेकला आणि मनगट मोडलं. ती खेप चुकली. गुरुवारी श्वास लागला. आडवं होता येईना, बसूनच होते. मी पाठीशी उशा लावत होते, आणि जरा श्वास मिळाला की हे म्हणायचे, "ताल... चुकला." मिने, त्या दिवशी मी तुझ्या मुलाचा राग केला. सह्या घेणाऱ्या माझ्या हातांचाही केला.

शुक्रवारी सकाळी ताकुमा दारात आला. बुटांना गवताचे दोर गुंडाळलेले. वाकला आणि पाठ पुढे केली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार तोच ह्यांना पाठीवर खाली नेतो आणि वर आणतो. काल वळणावर दोघे गुडघ्यांवर आले. पाठीवरून हे म्हणाले, "घोड्या, नाल बदल." तो हसला नाही.

हातानाका दुकानासमोर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लोणचं नासलं वाटतं!" माझ्या तोंडावर म्हणाले. आणि खरं सांगते, त्याच दुपारी पोतंभर रेती आणून आमच्या दारापासून वळणापर्यंत टाकून गेले. पण वितळणाऱ्या पाण्याने रेती वाहून जाते.

वीस तारखेला आळीची सभा आहे. पंप बंद करून नळ्या उखडायच्या का, ते ठरायचंय. ताकुमाने राजीनामा लिहून ठेवला आहे, त्याच्या वहीत मी पाहिला. तो रात्रंदिवस कागद तपासतो. "मावशी, गणित बरोबर आहे. ऊन पडलं होतं, दगड तापले होते. मग गेलं कुठं ते ऊन?"

 आणि फेब्रुवारी अजून पुरा उरलाय. पाठीवर नेणारा एके दिवशी पडला, तर ह्यांचं काय, ते डॉक्टरांनी चष्मा न पुसता सांगितलं या वेळी.

तुझ्याशी खोटं बोलले. क्षमा कर.

तोवा


हामाउरा, ७ फेब्रुवारी, जलद टपालाने

तोवा,

आज हवा कशी आहे ते मी पाहिलेलंच नाही.

तुझं पत्र आलं, त्या दिवसापासून तुझी जुनी पत्रं काढून बसले आहे. धीर यावा म्हणून. काल मधेच उठून पालक उकळला आणि रोजच्यासारखा गार पाण्यात घातला, आतली धग तिथल्या तिथे मरावी म्हणून. हात पाण्यातच राहिला. ओल्या हाताने येऊन तुझी उन्हाळ्यातली पत्रं पुन्हा वाचली. फक्त हवापाण्याच्या ओळी.

नऊ जून: "सडा घालताना दगडावर गोगलगाय दिसली, तिला वळसा घालून पाणी टाकलं."

तीन जुलै: "उकाडा इतका, की घातलेला सडा डोळ्यांदेखत वाळतो, लगेच दुसरा घालावा लागतो."

एकवीस जुलै: "दिवेलागणीला सगळी आळी सडा घालते, तेव्हा चढणीवरून वाफेचा पडदा उठतो, किती सुंदर दिसतं."

बारा ऑगस्ट, ही हवापाण्यात नाही, पत्राच्या शेवटी: "आता एकतीसच्या एकतीस दारं ओली असतात, सकाळी, चारला आणि दिवेलागणीला."

तोवा, ती वाफ कशाची होती? विहिरीत जायचं ते ऊन वर निघून जात होतं. सबंध उन्हाळा, दिवसातून तीनदा, एकतीस दारांतून.

मी यंत्रातलं काही जाणत नाही, चुकतही असेन. ताकुमाला मी हे कळवलेलं नाही. त्याचा फोन लागला तरी सांगणार नाही. सांगायचं, तर सभेत उभं राहून कुणीतरी म्हणायला हवं, की हे आळीतल्या बायकांच्या हातून झालं. आणि त्या नव्या सुनेला बादली कुणी घ्यायला लावली, ते मला ठाऊक आहे. भावोजींचं मनगटही आहेच. आई म्हणून माझं मागणं काय आहे, ते तुला कळतं. मैत्रीण म्हणून मी ते लिहीत नाही.

मिने


कारासावा, २१ फेब्रुवारी

प्रिय मिने,

गारठा थोडा सैल पडला आहे. दुपारी छपराच्या कडेचे बर्फाचे सुळे ठिबकतात, आणि त्या ठिबकण्यावर ह्यांचा पाय ताल धरतो.

तुझं पत्र मी तीन दिवस फडताळात ठेवलं होतं. तांदळाच्या डब्यामागे. तांदूळ काढायला गेलं की ते दिसायचं. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पळी आणि बादली दिली होती. "दार कोरडं म्हणजे घरात माणूस नाही," म्हणाल्या होत्या. त्रेचाळीस वर्षं मी एक दिवस चुकवला नाही. बाळंतपणातसुद्धा शेजारणीकडून घालून घेतला. आणि तीच मी ह्यांना पाडते?

चौथ्या दिवशी आधी ह्यांना सांगितलं. म्हटलं, तुमचं मनगट माझ्यामुळे मोडलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं वाट बघत होतो तुझी एक तरी चूक सापडायची. सापडली ती टाळ्याही वाजवता येईनात तेव्हा." मग प्लास्टरचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड होता.

सभेत ताकुमा उभा राहिला, लवून नमस्कार केला आणि खिशातून राजीनाम्याचं पाकीट काढायला लागला. मी उठले. सिस्टरपुढे कविता म्हणायला उभी राहायचे तशी. म्हटलं, "थांब. ऊन कुठं गेलं, ते मी सांगते."

सगळं सांगितलं, बादलीपासून वाफेपर्यंत.

मग नाकाई आजी उसळल्या. "म्हणजे काय, पाहुणा येणार आणि दारात धूळ? सत्तर वर्षं घालतेय मी सडा! एवढ्याशा पाण्याने कुठं जमीन गार होते?"

"आजी, एवढंसं पाणी गुणिले एकतीस," कोपऱ्यावरची नवी सून म्हणाली. खाली मान घालून, पण म्हणाली. "गुणिले तीन. गुणिले नव्वद दिवस."

माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

ताकुमा पांढराफटक पडला होता. तो रोज बाराला मोजमाप घ्यायला यायचा. तेव्हा सकाळचा सडा वाळलेला असायचा आणि चारचा व्हायचा. संध्याकाळी दगड एकदम निवतात, हे त्याच्या यंत्राने लिहिलं होतं, ते त्याने डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या नावावर मांडलं. म्हणाला, "मी हामाउराचा. आमच्या दारात वाळू. मला कुणाला विचारायचं सुचलंच नाही." आणि खाली बसला, सात वर्षांच्या मुलासारखा, हात मांडीत धरून.

हातानाका हनुवटी खाजवत उठले. म्हणाले, "माझी बायको तर नळीने मारते. पार समोरच्या भिंतीपर्यंत." सगळे हसले. ते हसले नाहीत. "एक उन्हाळा," म्हणाले. "मे ते सप्टेंबर चढणीवर एक थेंब पडायचा नाही. आणि पुढल्या जानेवारीत काच झाली, तर कुदळी मी फुकट देतो, आणि पहिला घाव मास्तरीणबाईंचा."

मी हो म्हटलं.

ते पाकीट ताकुमाच्या खिशात आहे. फाडलेलं नाही. ह्यांना तो अजून पाठीवरच नेतो. कालची खेप नीट झाली.

तोवा


कारासावा, १३ ऑगस्ट

प्रिय मिने,

काय लिहू हवापाणी? ऊन आहे. दगड असे तापतात, की मांजरं चढणीवरून उड्या मारत जातात. दारात धूळ आहे. आज पितरांच्या सणाची पहिली संध्याकाळ, पूर्वज घरी यायचे, आणि आमचं दार कोरडं. दिवा लावताना सासूबाईंच्या तसबिरीकडे पाहवलं नाही. मनात म्हटलं, घरात माणूस आहे हो, म्हणूनच दार कोरडं आहे.

चार वाजले की हात आपोआप बादलीकडे जातो. मी ती उपडी करून तिच्यावर कुंडी ठेवली आहे. एकतीसच्या एकतीस बायका दिवेलागणीला दारात येतात आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून उभ्या राहतात. परवा पहाटे नाकाई आजी पळी लपवून बाहेर आल्या. हातानाकांनी पकडलं. "आजी!" "अरे, कुंडीला घालत होते." "कुंडी कुठाय?" "तेच शोधतेय!"

नवी सून संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसते. सडा कुठला घालायचा, म्हणून नुसत्या गप्पा मारतो.

ह्यांचं मनगट जुळलं, पण वाकडं. अशक्तपणा वाढलाय. डॉक्टर म्हणाले, पुढचा हिवाळा पाठीवर झेपणार नाही, ना पाठीला, ना ह्यांना. ताकुमाने ते ऐकलं. तो आता दिवसातून चारदा दगड मोजतो. आकडा कुणाला सांगत नाही.

तोवा


कारासावा, १८ जानेवारी

मिने,

हवापाणी वगळते.

नऊ दिवस बर्फ थांबलेला नाही. खालच्या आळीतली एक पडवी वजनाने बसली. आज ह्यांचा दवाखान्याचा दिवस. पहाटे दार उघडायची माझी हिंमत झाली नाही. ताकुमा ओट्यावर उभा होता, बुटांना दोर बांधून, पाठ तयार ठेवून. हातानाका कुदळ घेऊन समोर. खरंच आणली होती.

हे आतून म्हणाले, "उघड गं. तिकीट काढून आलेत लोक."

उघडलं.

काळी आहे, मिने. वरपासून वळणापर्यंत आणि वळणापासून खाली. पडतोय तो बर्फ दगडाला टेकला की नाहीसा होतो. ताकुमाने वाकून बुटांचे दोर सोडले.  हे त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवून पुढे झाले. काठी, एक, दोन, तीन, चार. चौथ्या दारापाशी थांबले. मीही थांबले. त्यांनी खाली पाहिलं, गेल्या वर्षी पडले ती जागा काठीने दोनदा ठोकली, आणि चालू लागले. हातानाका बाजूने चालत होते, कुदळ टेकत टेकत, कुणी विचारलं तर आपण सहज खाली चाललोय अशा थाटात.

वळणावर हे मागे वळून वाकले. या वेळी ताकुमाही वाकला.

सगळे गेल्यावर मी हातमोजा काढून दगडावर हात ठेवला. कोमट होता. सासूबाईंनी ठेवला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, याचा विचार करत मी तशीच बसून राहिले. नवी सून आली आणि तिने माझ्या डोक्यावर छत्री धरली, तोवर.

ताकुमा रविवारी तुला फोन करणार आहे. "ठीक आहे" म्हणाला, तर फोन ठेवू नकोस, थांब. पुढे बोलेल.

सिस्टर अगाथांना आवडणार नाही, पण राहिलेलं शेवटी लिहिते: यंदा थंडी भयंकर आहे. आमची सगळी दारं कोरडी आहेत.

तोवा